गहू पोटरीत आलाय आणि ऊन चढलंय, टॉनिकच्या फवारणीनं उष्णतेत खरंच काही वाचतं का?

तापीकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुका, काळी जमीन. कापूस उपटून गहू टाकला त्यामुळे पेरणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली, वाण लोकवन, तीन एकर. सध्या गहू पोटरीत आहे, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात आहे, कडेच्या ओळींत एखाद-दुसरी ओंबी बाहेर डोकावतेय. पिकाला तजेला आहे, मावा नाही, तांबेरा नाही, पण या आठवड्यात दुपारचा पारा ३३-३४ ला जायला लागलाय आणि पहाटेची थंडी पण उतरली. मागच्या वर्षी याच वावरात दाणा भरताना ऊन लागलं, व्यापाऱ्यानं मूठभर गहू तळहातावर घेतला, फुंकर मारली, अर्धे दाणे उडाले आणि तिथंच भाव पाडला. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.
दुकानदार म्हणतो समुद्री शेवाळ, अमिनो आणि सिलिकॉन अशा तीन बाटल्यांचा संच मारा, दोन फवारण्या, एकरी १८०० रुपये. म्हणतो पीक उन्हाला दादच देणार नाही. कुणी गव्हावर हे मारलंय का? आणि मारायचं तर आत्ता का दाणा भरताना? पैसे घालायची तयारी आहे पण वाया जायला नको.

निफाडचा_मळा
दादा आमच्याकडे द्राक्षाच्या बागेला समुद्री शेवाळ सगळेच वापरतात, त्यामुळे घरात असतंच, तेच गव्हावर पण मारतो. माझा अनुभव चांगला आहे. झेंडा पान, म्हणजे ओंबीखालचं सगळ्यात वरचं पान, जास्त दिवस हिरवं राहतं, शेजारचा गहू पिवळा पडला तरी आपला हिरवा दिसतो. आत्ता पोटरीत एक आणि फुलोरा संपला की एक मारा. सिलिकॉनचं मला माहीत नाही.

वऱ्हाडी_वावर
आधी पाण्याचं पाहा भाऊ, बाटलीचं मागून पाहू. पोटरी ते चीक भरेपर्यंत एक जरी पाळी चुकली तर कोणतंच टॉनिक ते भरून काढत नाही. तुमच्या काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या असतील तर समजून घ्या की गहू आधीच तहानलेला आहे. उन्हात गहू स्वतःला थंड ठेवतो तो पानातून पाणी सोडूनच, पाणीच नसेल तर तो दारं बंद करून घेतो आणि पान तापतं. दुपारी दोनला पिकात हात घालून पाहा, ओलिताचा गहू हवेपेक्षा गार लागतो, सुकलेला तापलेला लागतो, थर्मामीटर लागत नाही त्याला.

तापीकाठ
पाणी आहे विहिरीला, अडचण लाईटची आहे. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असं चालू आहे. या आठवड्यात रात्रपाळी आहे.

वऱ्हाडी_वावर
मग तर चांगलंच झालं, संध्याकाळनंतरच पाणी द्या, तेच पाहिजे. हलकं द्यायचं, सारे भरून टाकू नका. आणि वारा सुटला असेल त्या रात्री देऊच नका, ओंबी बाहेर पडल्यावर ओल्या जमिनीत वारा लागला की गहू लोळतो अन् मग हार्वेस्टरवाला पण तोंड वाकडं करतो.

पीकशास्त्र_ताई
मी पीक शरीरक्रियाशास्त्रात काम करते, गहू हाच विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांब झालं तर सांभाळून घ्या.
आधी उष्णतेनं नेमकं काय बिघडतं ते बघू, कारण त्यावरच फवारणी कधी उपयोगाची आणि कधी नाही हे ठरतं. गव्हाला उन्हाचा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिला पोटरी ते फुलोऱ्यात. तेव्हा परागकण तयार होत असतात आणि पारा ३०-३१ च्या वर चढून राहिला तर ते निकामी होतात, ओंबीत दाणेच कमी धरतात. दुसरा फटका दाणा भरताना. दाण्याचं वजन म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि साखरेचं स्टार्च करणारं विकर उष्णतेला फार नाजूक असतं, ते मंदावलं की पानात साखर असून दाण्यात ती बसत नाही. वर उष्णतेमुळे दाणा भरायचे दिवसच कमी होतात. थंड हवेत जे काम ३५-४० दिवस चालतं ते उरकतं घाईत आणि वेग वाढून ती तूट भरून येत नाही. तुमच्या व्यापाऱ्याच्या फुंकरीनं उडालेले दाणे हे त्याचंच फळ. जगभरातल्या गव्हाच्या अभ्यासात सरासरी तापमान एक अंशानं वाढलं तर उत्पादनात साधारण सहा टक्के घट दिसते, यावरून मामला किती गंभीर आहे ते कळेल.
आता फवारणी. समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, ग्लायसीन बीटेन, ह्युमिक-फुल्विक, या सगळ्यांना जैव उत्तेजक म्हणतात. यातलं कुठलंच खत नाही आणि कुठलंच ऊन अडवत नाही. ती झाडाची स्वतःची यंत्रणा आधी जागी करतात. उन्हात पानामध्ये ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात, ती हरितद्रव्य आणि पेशींची पडदी जाळतात, झाडाकडे त्यांना निकामी करणारी विकरं असतात, शेवाळाच्या अर्कानं ती विकरं वाढलेली बऱ्याच प्रयोगांत दिसली आहेत. निफाडच्या दादांना झेंडा पान हिरवं दिसतं ते खोटं नाही. पण दोन अटी आहेत. एक, हे ऊन यायच्या आधी पानात जायला पाहिजे, पान करपायला लागल्यावर नाही, कारण झाडाला तयारीला काही दिवस लागतात. दोन, झाडाला पाणी आणि अन्न मिळत असलं पाहिजे, उपाशी झाडाला जागं करून ते काय करणार.
आणि महत्त्वाचं, हिरवं पान म्हणजे भरलेला दाणा नव्हे. नत्र जास्त झालं तरी पान हिरवं राहतं. खरी परीक्षा हजार दाण्यांच्या वजनात होते.

निफाडचा_मळा
ताई छान समजावलंत. पण मग तुमचं मत काय, मारावं का नाही? द्राक्षात आम्हाला फरक दिसतो म्हणून विचारतोय.

पीकशास्त्र_ताई
द्राक्षात एकरी खर्च आणि एकरी उत्पन्न दोन्ही गव्हाच्या कितीतरी पट असतं, थोडा फरक पडला तरी पैसे सुटतात. गव्हात तसं नाही. शिवाय शेवाळाच्या अर्कात सातत्य नसतं, शेवाळ कुठलं, अर्क कसा काढला यावर सगळं. परदेशातला बराचसा अभ्यास थंड समुद्रातल्या अ‍ॅस्कोफायलम शेवाळावर आहे, आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेलं कप्पाफायकस वापरतात, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं त्याचा रस काढायची पद्धत बसवली. दोन्ही शेवाळंच, पण बाटलीत एकच गोष्ट नाही.
माझं मत विचाराल तर गव्हाला उन्हात पहिली फवारणी पोटॅशची. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:०:४५ (१३ टक्के नत्र, ४५ टक्के पालाश), दोन टक्के. पंजाब कृषी विद्यापीठाची पोटरी आणि फुलोरा अशा दोन वेळची शिफारस आहे, एकरी ४ किलो २०० लिटर पाण्यात. पोटॅशियमवर पानाच्या रंध्रांची उघडझाप चालते आणि पानातली साखर दाण्याकडे नेण्यातही त्याचा हात असतो, म्हणजे उन्हात पान गार ठेवायला आणि दाणा भरायला त्याची मदत होते. हे जैव उत्तेजक नाही, साधं विद्राव्य खत आहे आणि स्वस्त. त्यावर पैसे उरले तर शेवाळ.

माळवी_मराठी
इंदूरहून नमस्कार. आमचे पूर्वज होळकरांबरोबर आले ते इथलेच झाले, शेती देवास रोडला आहे, गहू हेच मुख्य पीक. ताईंच्या बोलण्यात भर घालतो. २०२२ चा मार्च आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च. आधी सरकारचा अंदाज ११.१३ कोटी टनांचा होता, शेवटी १०.७७ कोटीवर आला आणि १३ मेला निर्यात बंद केली. पंजाब-हरियाणात तेव्हा गहू नेमका दूध भरायच्या अवस्थेत सापडला. आमच्या माळव्यात पेरणी आणि कापणी दोन्ही लवकर, ऊन पेटेपर्यंत दाणा पक्का झाला होता म्हणून त्या मानानं वाचलो. मोठा फरक तारखेचा. म्हणून मी तरी पेरणीच्या तारखेला सगळ्यात मोठं औषध मानतो.

तापीकाठ
तारखेचं पटतंय काका पण कापूस शेतात उभा असताना गहू पेरणार कुठं. शेवटची वेचणी सोडली तर घरात बोलणी बसतात. खान्देशात निम्म्या लोकांची हीच गत आहे.

माळवी_मराठी
खरंय, दोष देत नाही. पीक पद्धतीचाच तो भाग आहे. पण मग वाण तरी उशिराचा घ्यायचा.

कृषीकेंद्र_बारामती
मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूनं नाही तर शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो. बाटली घ्यायच्या आधी लेबल वाचा, कंपनीचं नाव नंतर.
केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजक आणले, त्याआधी यांना कायदाच नव्हता, कुणीही काहीही भरून विकत होतं. त्यानंतर कंपन्यांना तात्पुरत्या नोंदणीवर विकायची मुभा होती ती वाढत वाढत जून २०२५ ला संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं की एके काळी ३० हजारांच्या आसपास उत्पादनं बिनातपासणी विकली जात होती, आणि नियम कडक केल्यावर साडेसहाशेच्या आसपास उरली. म्हणजे किती गाळ होता बघा. काही दुकानांत जुना माल अजून फडताळात असू शकतो, त्यावर तारीख असते, ती बघा.
आता लेबलवर काय बघायचं. कुठल्या प्रकारात मोडतं ते लिहिलेलं पाहिजे, म्हणजे वनस्पतिजन्य किंवा समुद्री शेवाळ अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक-फुल्विक वगैरे. घटक किती टक्के ते पाहिजे. आणि कुठल्या पिकासाठी मान्यता आहे ते पाहिजे, हे कुणी वाचत नाही. मान्यता पीकवार असते, टोमॅटो, मिरची, भात अशी नावं सापडतील. बाटलीवर गहू नसेल तर गव्हावर त्याची अधिकृत मात्राच ठरलेली नाही, मग दुकानदार सांगेल ती मात्रा. आणि पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसह. बिलाशिवाय तक्रारीला काही अर्थ राहत नाही.
‘पीक उन्हाला दादच देणार नाही’ असं कुठल्याच लेबलवर लिहिलेलं सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

तापीकाठ
आज दुकानात जाऊन तिन्ही बाटल्या हातात घेऊन वाचल्या. शेवाळाच्या बाटलीवर भात आणि टोमॅटो आहे, गहू नाही. अमिनोच्या बाटलीवर पिकाचं नावच नाही. सिलिकॉनवर ‘सर्व पिकांसाठी’. दुकानदार आधी चिडला, मग म्हणाला एवढं कुणी विचारत नाही. १३:०:४५ ची मात्र पंचवीस किलोची गोणी आणि एक किलोची पाकिटं दोन्ही आहेत.

हिशोबी_शेतकरी
मी हिशोब मांडतो. २०२६-२७ च्या हंगामाला गव्हाचा हमीभाव २५८५ रुपये क्विंटल. १८०० रुपये वसूल व्हायला एकरी जवळपास ७० किलो गहू जास्त पिकला पाहिजे, फवारणीची मजुरी वेगळी. एकरी १४ क्विंटल धरला तर ते पाच टक्के झाले. फक्त पैसे परत यायला पाच टक्के, नफा त्याच्या पुढे. उशिराच्या गव्हात पाच टक्के दरवर्षी खात्रीनं देईल असं टॉनिक मला तरी कुणी दाखवलेलं नाही. पोटॅशला खर्च कमी म्हणून वसुलीची रेघ पण खाली येते. ज्याला बागेचं शेवाळ घरात पडलेलं आहे त्याचा हिशोब वेगळा, त्यानं मारावं.

देशी_गाय_शेती
सगळे विकतच्याच बाटल्यांबद्दल बोलताहेत. आम्ही सप्तधान्यांकुर अर्क मारतो, तीळ, मूग, उडीद, चवळी, मटकी, हरभरा, गहू मोड आणून वाटून गोमूत्रात. दाणा दुधात असताना. खर्च जवळपास शून्य. दाण्याला चमक येते हे आमच्या सगळ्या गटानं पाहिलंय.

पीकशास्त्र_ताई
मोड आलेल्या धान्यात अमिनो आम्लं, विकरं असतात हे बरोबर. फक्त प्रत्येक वेळी अर्कात काय किती उतरलं हे मोजलेलं नसतं, म्हणून गोमूत्राचं प्रमाण जास्त होऊन उन्हात पान करपणार नाही याची काळजी घ्या, आधी दोन ओळींवर मारून बघा. आणि चमक दिसली तर वजनही करा. हे मी बाटलीवाल्यांनाही सांगते आणि तुम्हालाही, नियम सगळ्यांना एकच.

तापीकाठ
ठरवलं. संच घेत नाही. १३:०:४५ घेतो. आता मात्रा नीट सांगा, पंप १५ लिटरचा आहे, आणि विहिरीचं पाणी क्षाराचं आहे, डाळ शिजत नाही त्यात. त्यातच झिंक आणि कॅल्शियम मिसळलं तर एका कामात दोन कामं होतील का?

पीकशास्त्र_ताई
दोन टक्के म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, तुमच्या पंपाला ३०० ग्रॅम. बादलीत आधी पूर्ण विरघळवून मग पंपात ओता, थेट पंपात टाकाल तर नोझल धरेल. विरघळताना पाणी गार पडतं, घाबरू नका, ते त्या खताचं लक्षणच आहे. एकरी दीडशे ते दोनशे लिटर पाणी गेलंच पाहिजे, पाच-सहा पंपांत एकर उरकणाऱ्या माणसाला मजुरी देऊ नका. कमी पाण्यात तेवढंच खत घातलं तर पानाची टोकं जळतात.
कॅल्शियम नको. क्षाराच्या पाण्यात आधीच कॅल्शियम असतं, आणखी खतं-औषधं एकत्र केली की पांढरा साका बसतो. पहिल्या फवारणीत पोटॅश एकटंच मारा. क्षार फार असेल तर टाकीतलं पावसाचं किंवा कालव्याचं पाणी मिळतंय का बघा.
वेळ संध्याकाळची, चारनंतर. ऊन उतरलं की थेंब पानावर जास्त वेळ ओला राहतो आणि आत शिरतो. फुलोरा आला की सकाळच्या वेळेत फवारू नका, ओंबीतून पिवळे परागकोष लोंबताना दिसतात तेव्हा ती वेळ त्यांना द्या.

वऱ्हाडी_वावर
अन् आधी पाणी, मग फवारणी. सुकलेल्या पिकावर खत मारू नका, एक-दोन दिवस आधी ओलित झालेलं पाहिजे.

निफाडचा_मळा
राहुरी विद्यापीठ १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखे) सांगतं ना गव्हाला ५५ ते ७० दिवसांत, दोन टक्केच? आम्ही तेच मारत आलो शेवाळाबरोबर.

पीकशास्त्र_ताई
हो, ती आपल्याकडची जुनी शिफारस आहे आणि चांगली आहे, विशेषतः नत्राचा दुसरा हप्ता कमी पडला असेल तर. तापीकाठ यांचं पीक तजेलदार आहे, नत्राची गरज दिसत नाही आणि समोर ऊन उभं आहे, म्हणून इथं मी पोटॅशकडे झुकले. पीक फिकट असतं तर १९:१९:१९ म्हटलं असतं. दोन्ही एकदम नको.
सॅलिसिलिक आम्लाबद्दल एकानं व्यक्तिगत निरोपात विचारलंय म्हणून इथंच लिहिते. पंजाबात त्याचीही शिफारस आहे, पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, आधी अल्कोहोलात विरघळवावं लागतं आणि मात्रा ग्रॅमात असते. तराजू चुकला की पीक भाजतं. शेतावर अंदाजानं करायचं काम नाही ते.

हिशोबी_शेतकरी
तापीकाठ दादा, एक विनंती. तीन एकरातला एक पट्टा कोरा सोडा. बांधालगतचा नको, तिथं गहू वेगळाच असतो, मधला घ्या. दोन-तीन ठिकाणी सोडलात तर आणखी चांगलं, एकाच ठिकाणी जमिनीचा फरक फवारणीच्या नावावर जमा होतो. कोऱ्या पट्ट्यात नुसतं पाणी फवारा. काठीला चिंध्या बांधून खूण करा, नाहीतर कापणीला कुणाच्या लक्षात राहणार. मग कोऱ्या आणि फवारलेल्या पट्ट्यातून सारख्या मापाचा चौकोन विळ्यानं कापून वेगळा मळा, हजार दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर वजन करा. चांगला भरलेला गहू हजार दाण्यांना ४० ग्रॅमच्या आसपास जातो, ऊन लागलेला बराच खाली येतो. पुढच्या वर्षी दुकानदारापुढे तुमच्या स्वतःच्या वावराचा आकडा ठेवता येईल.

तापीकाठ
करतो. पोरीला कॉलेजच्या प्रोजेक्टला पण चालेल, ती बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे, तिलाच मोजायला बसवतो. एक शेवटचं विचारतो, कापसामागे गहू करायचाच आहे तर पुढच्या वर्षी वाण कोणता?

माळवी_मराठी
महाराष्ट्राच्या हवेचं तिकडचे लोक सांगतील, पण उशिराच्या पेरणीला उशिराचाच वाण घ्या एवढं नक्की.

कृषीकेंद्र_बारामती
निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा एनआयएडब्ल्यू ३४ हा उशिरासाठीचाच आहे, जुना आणि भरवशाचा. फुले समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो. अकोल्याचा एकेएडब्ल्यू ४६२७ पण उशिराचाच. बियाणं ऑक्टोबरातच बघून ठेवा, डिसेंबरात उरलेलं गळ्यात पडतं. उशिराला बियाणं हेक्टरी १२५ ते १५० किलो आणि दोन ओळींत १८ सेंमी, कारण फुटवे कमी येतात. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं हा विद्यापीठाचा आकडा आहे, तो कापसाच्या शेवटच्या वेचणीच्या पैशाशेजारी मांडून बघा आणि मग घरात बोला.

तापीकाठ
हे घरात वाचून दाखवलं. आईचं म्हणणं, एका एकरातला कापूस पुढच्या वर्षी लवकर काढून बघू. उद्या रात्री पाणी, परवा संध्याकाळी फवारणी. चिंध्या बांधून झाल्यात.